कल्याणरावांचं आवाजी मतदान

रूथबाई मकासरे यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं नसतं, तर आपला आमदार विधानसभेत काय म्हणतो हा प्रश्न घोगरवाडीला कधी पडलाच नसता. गावाला तोवर एवढंच ठाऊक होतं की आमदार लग्नाला येतो, दहाव्याला येतो आणि दोन्हीकडे सारख्याच चेहऱ्यानं बसतो.

पण डॉक्टरांनी बाईंना घरात बसवलं. बाईंनी उभी हयात मिशनच्या हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवलेलं. रिटायर झाल्या तरी जिभेवरचा खडू काही पुसला गेला नव्हता. टीव्हीवरच्या मालिका त्यांना सोसेनात. एक सासू एकच कट महिनाभर करत बसते, हे त्यांच्या शिस्तीत बसेना. मग एका दुपारी मोबाईलवर काहीबाही चाळताना त्यांना विधानसभेचं थेट प्रक्षेपण सापडलं, आणि बाई खुर्चीत सरळ होऊन बसल्या. जो विषय त्यांनी फक्त धड्यात पाहिला होता, तो इथं हलत होता, बोलत होता, बाक बडवत होता.

त्यांचे यजमान फिलिपराव साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "हे बघण्यापेक्षा कारखान्याच्या जनरल मिटिंगला जावं. भांडणं तीच, वर वडापाव मिळतो."

बाईंनी लक्ष दिलं नाही. शेजारची मुक्ताबाई मात्र दुपारी शेळ्यांना सावलीला बांधून दूध घालायला यायची, ती तिथंच टेकू लागली. तिला लिहिता-वाचता जेमतेम, पण माणसं अचूक हेरायची. "ह्यो मफलरवाला लई डाफरतो, पन मनानं बरा दिसतो. ह्या चष्मेवाल्यावर इस्वास ठिवू नका बाई," असं ती विरोधी पक्ष आणि सत्ताधारी पक्ष न बघता सांगायची.

दोघी वाट बघायच्या ती आपल्या आमदाराची. कल्याणराव ढोकणे. शाळेत असताना ते रूथबाईंच्याच वर्गात, शेवटच्या बाकावर होते. विधानसभेतही त्यांनी शेवटून दुसरी ओळ धरलेली होती. इस्त्रीचा पांढरा सदरा, हात मांडीवर, नजर छताकडे. ते यायचे, बसायचे आणि जायचे. प्रश्न नाही, भाषण नाही, साधी हरकत नाही. पण एक होतं. मतदानाची वेळ आली की इतरांबरोबर त्यांचंही तोंड उघडायचं. तेवढं कॅमेऱ्यात नीट दिसायचं.

एके दिवशी मंत्र्यांनी एक विधेयक मांडलं. राज्यातली गायरानं सौरऊर्जेच्या कंपन्यांना लांब मुदतीनं देण्याचं. मुक्ताबाईनं चहाची कपबशी खाली ठेवली.

"गायरानं म्हंजे? आपलं बी?"

"आपलंही," बाई म्हणाल्या.

घोगरवाडीचं गायरान म्हणजे टेकडीच्या पोटाशी पसरलेलं कुसळी गवताचं माळरान. निम्म्या गावाच्या शेळ्यामेंढ्या त्यावर जगायच्या. निवडणुकीत कल्याणरावांनी मारुतीच्या पायरीवर नारळ ठेवून सांगितलं होतं, की ही माती जिवापाड सांभाळू.

पडद्यावर अध्यक्षांच्या खुर्चीतून आवाज आला, "जे अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे." मोठा गलका झाला. "जे प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे." त्याहून थोडा लहान गलका झाला. "होयचे बहुमत, होयचे बहुमत. विधेयक मंजूर झाले आहे." आत कुकरची एक शिट्टी व्हायच्या आत गायरानाचा निकाल लागला. त्या गलक्यात कल्याणरावांचं तोंड उघडलं आणि मिटलं.

"बाई," मुक्ताबाई म्हणाली, "आपल्यानं काय म्हनलं?"

रूथबाईंनी व्हिडिओ मागे नेला, पुन्हा लावला, पुन्हा नेला. कधी वाटे होय, कधी वाटे नाही. गलका इतका एकजीव, की त्यातून एका माणसाचा शब्द काढायचा म्हणजे आमटीतून मीठ काढायचं. शिवाय तोंड नेमकं कुठल्या गलक्यात उघडलं तेही कळेना, कारण कॅमेरा मध्येच दुसरीकडे वळला होता.

"होय का नाही, एवढंच तर विचारायचं आहे," बाई म्हणाल्या. "कळेल की."

त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं, अगदी अदबीचं: आवाजी मतदानात कोणत्या सदस्याने काय म्हटले याची नोंद ठेवली जात नाही. बाईंनी ते दोनदा वाचलं. जन्मभर त्यांनी मुलांना शिकवलं होतं की लोकप्रतिनिधी आपल्या वतीनं मत देतो. ते दिलेलं मत कुठं उमटतच नाही, हे धड्यात नव्हतं.

मग त्यांनी कल्याणरावांच्या पीएला, हनुमंतला, फोन लावला. त्यानं विचारलं, "कुठून बोलता?"

"घोगरवाडीहून."

"मग साहेबांनी नाहीच म्हटलं. ठणकावून! बाक हादरला."

बाईंना त्या 'मग'चा वास आला. त्यांनी फिलिपरावांना त्यांच्या मोबाईलवरून फोन करायला लावला. फिलिपरावांनी घसा खाकरून, सौर कंपनीचा माणूस बोलतोय असं सांगितलं.

"साहेबांनी होयच म्हटलंय की," हनुमंत म्हणाला. "सगळ्यात आधी. तुम्ही निर्धास्त राहा."

फिलिपरावांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "पोरगं गुणाचं आहे. कारखान्यात असतं तर चेअरमन झालं असतं."

गोष्ट गावात पसरली. आणि गावात कुठलीही गोष्ट पसरली की तिचा आधी फ्लेक्स होतो. बसस्टँडवर कल्याणरावांचा हात जोडलेला फोटो लागला, खाली 'गायरानासाठी विधानसभेत नाही म्हणणाऱ्या लोकनेत्याचे हार्दिक अभिनंदन'. दोन दिवसांत तालुक्याच्या रस्त्याला, पेट्रोल पंपासमोर दुसरा लागला, 'विकासाला होय म्हणणारे धडाडीचे नेतृत्व'. फोटो तोच. जोडलेले हातही तेच. दोन्ही फ्लेक्स लावणारे कार्यकर्ते कल्याणरावांचेच होते, आणि आता एकमेकांशी बोलेनासे झाले होते. होयवाले आणि नाहीवाले पारावर वेगवेगळ्या बाजूंना बसू लागले. एका घरात तर थोरला भाऊ होयचा आणि धाकटा नाहीचा झाला, नि ट्रॅक्टर कुणी न्यायचा यावरून जुंपली. तिसरा एक बारीक गट होता विरोधी पक्षाचा. तो म्हणायचा, आमदार जांभई देत होते.

रूथबाईंचा भाचा अँड्र्यू केडगावला साउंड सिस्टीमचा धंदा करायचा. वराती, चर्चची नाताळची गाणी, उरूस, सगळीकडे त्याचे कर्णे. तो एका रविवारी मावशीला भेटायला आला तेव्हा मुक्ताबाईनं त्याच्यापुढं मोबाईल धरला.

"तुमचं येवढं भोंग्याचं काम. ह्यातून आमचा मानूस काढून द्या."

अँड्र्यूनं कानाला हेडफोन लावून ऐकलं. म्हणाला, "निघेल. आता आवाज सुटा करायचे ॲप आलेत. तबला वेगळा, पेटी वेगळी, तसं करता येतं. पण मला आधी त्यांचा स्वतःचा आवाज पाहिजे. एकदा होय म्हटलेला, एकदा नाही म्हटलेला. म्हणजे जुळवून बघता येईल."

हे सोपं वाटलं. कल्याणरावांची भाषणं मोबाईलवर ढिगानं होती. जत्रेतली, उद्घाटनातली, सत्कारातली. तिघं बसली ऐकायला. ऐकता ऐकता रूथबाईंच्या कपाळाला आठी पडली. कल्याणराव बोलत होते भरपूर. 'बघू', 'करू', 'लक्ष घालतो', 'मार्गी लावू', 'वरच्या पातळीवर विषय चालू आहे'. सगळं होतं. पण होय हा शब्द कुठं नव्हता, आणि नाही हाही नव्हता.

"असं कसं हुईल?" मुक्ताबाई म्हणाली. "मानूस दिसातनं एकदा तरी न्हाई म्हनतोच."

"मी आणते त्याच्याकडून," रूथबाई म्हणाल्या, आणि काठी हातात घेतली.

तालुक्याच्या गावी कल्याणरावांचा जनता दरबार भरायचा. बाई गेल्या तेव्हा हॉल भरलेला होता. आमदार बाईंना पाहताच उठून पाया पडले आणि त्यांनी शेजारी खुर्ची दिली. बाईंच्या पर्समध्ये अँड्र्यूचं रेकॉर्डिंगचं बारकं यंत्र चालू होतं.

"कल्याण, जेवलास का रे?" बाईंनी सहज विचारलं.

"झालंच म्हणा बाई."

"म्हणजे जेवलास?"

"आता बसणारच होतो."

बाईंनी दुसरा धागा धरला. "घरची मंडळी बरी आहेत?"

"देवाची कृपा."

"तुझा तो थोरला मुलगा पुण्याला असतो ना?"

"तिकडंच चाललंय त्याचं."

"तू विरोधी पक्षात आहेस का?"

हॉलमधली माणसं हसली. कल्याणरावही हसले. "बाईंचा विनोद अजून तसाच आहे," ते म्हणाले. तेही उत्तर नव्हतं. बाईंनी मनात हिशेब केला आणि थेट घाव घातला, "कल्याण, हा बाहेरचा उजेड सूर्याचाच आहे ना?"

कल्याणरावांनी खिडकीबाहेर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "माहिती घेऊन सांगतो."

बाई परत आल्या त्या दमून. फिलिपरावांना म्हणाल्या, "तो खोटं बोलत नाही हो. त्याला खरंच जमत नाही. मुलं पोहायला घाबरतात ना काठावर, तसा तो त्या शब्दांच्या काठावर थांबतो."

पुढच्या रविवारी, फिलिपराव आणि बाई चर्चमधून येऊन टेकतात तोच, दाराशी पांढरी गाडी थांबली. कल्याणराव एकटेच उतरले. हनुमंतला गाडीतच बसवलं होतं. आत येऊन त्यांनी स्वतःच्या हातानं दार लोटलं. घरात अँड्र्यू होता, दूध घेऊन आलेली मुक्ताबाई होती. कल्याणरावांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं,

"बाई, सापडलं का काही?"

"काय सापडायचंय?"

"मी काय म्हटलं ते."

कल्याणराव सोफ्याच्या टोकाला बसले. म्हणाले, "गावात दोन उलटसुलट फ्लेक्स लागलेत. ते ठीक आहे, ते मी सांभाळतो. पण बसस्टँडवरच्या फ्लेक्सचा फोटो मुंबईला पक्षात गेला. त्यांनी बोलावून विचारलं, तुम्ही विरोधात गेलात काय? मला सांगता येईना. घरी बायको विचारती. तिला पण सांगता येईना. मी पार विसरलोय बाई. सगळे ओरडतात तेव्हा माझ्या तोंडातून काहीतरी जातं खरं. पण काय जातं?"

रूथबाईंना त्याचा राग यायला हवा होता. तो पक्का बिलंदर निघेल या तयारीनंच त्या इतके दिवस झगडत होत्या. पण समोर बसलेला माणूस स्वतःचीच हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या घरी शोधायला आल्यासारखा दिसत होता. बाईंनी त्याला पाणी दिलं.

"अँड्र्यू, माईक लाव," त्या म्हणाल्या.

माईक लागला. अँड्र्यू म्हणाला, "साहेब, फक्त म्हणा, होय."

कल्याणरावांनी ओठ ओले केले. "हो... होऊन जाईल."

"नुसतं होय."

"होय... ला हरकत नसावी."

"मग नाही म्हणा."

"नाही म्हणजे, तसं नाही, पण..."

"आरं द्येवा," मुक्ताबाई म्हणाली, "शेळीला बी एवढी कळ लागत न्हाई वेताना."

तेव्हा रूथबाई खुर्चीतून उठल्या. गुडघा दुखत होता तरी ताठ झाल्या, आणि त्यांच्या गळ्यातून मिशन हायस्कुलाच्या व्हरांड्यात घुमायचा तो आवाज निघाला, "ढोकणे! उभा राहा!"

कल्याणराव ताडकन उभे राहिले.

"होय म्हण!"

"होय!"

"नाही म्हण!"

"नाही!"

"बस."

कल्याणराव बसले. त्यांचा श्वास लागला होता, पण चेहऱ्यावर कसलासा आनंद होता. कित्येक वर्षांनी उसाच्या फडातून धावून आल्यासारखे दिसत होते.

अँड्र्यूनं दोन्ही शब्द घेतले आणि लॅपटॉपला डोकं लावलं. दुपार गेली. मुक्ताबाईनं मध्ये जाऊन शेळ्यांना पाणी दाखवलं आणि परत आली. अँड्र्यूनं आधी मागच्या बाकाचा खोकला काढून टाकला, मग डाव्या हाताच्या आमदाराची घोषणा काढली, मग बाकांचा दणदणाट. कल्याणरावांच्या शेजाऱ्याचा माईक त्या दिवशी चुकून चालू राहिला होता, त्यामुळे काम निभलं. शेवटी उरला एकच आवाज. अँड्र्यूनं तो होयशी जुळवला. जुळेना. नाहीशी जुळवला. तेही जुळेना.

"काहीतरी तिसरंच आहे," तो म्हणाला आणि त्यानं हेडफोनची पिन काढून कर्णा लावला.

खोलीत कल्याणरावांचा आवाज घुमला. स्पष्ट, ठसठशीत, शंका घ्यायला जागा नाही असा.

"हजर!"

फिलिपरावांच्या घशात बिस्कीट अडकलं. अँड्र्यूनं खात्रीसाठी पुन्हा लावलं. "हजर!" नेमकं काय शोधायचं ते कळल्यावर त्यानं जुने व्हिडिओ काढले. अर्थसंकल्पाच्या मतदानाला, "हजर!" पुरवणी मागण्यांना, "हजर!" विद्यापीठाच्या विधेयकाला होयच्या गलक्यात एकदा आणि नाहीच्या गलक्यात एकदा, "हजर! हजर!"

कल्याणराव दोन्ही हातांत डोकं धरून बसले होते. हळूहळू त्यांना आठवलं.

"पहिल्या अधिवेशनात," ते म्हणाले, "अध्यक्षांनी काहीतरी वाचलं आणि सगळे एकदम ओरडले. मला काही उमगेना. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं, म्हणा की! घाईत मला वाटलं, हजेरी घेतायत. मी म्हटलं. कुणी हसलं नाही, कुणी अडवलं नाही. मग पुढच्या वेळी पण तेच म्हटलं. मग तेच पडलं जिभेला."

"आणि आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही?" रूथबाईंनी विचारलं.

"तुमच्याच आलंय बाई पहिल्यांदा."

ही बातमी घरात ठेवायची असं ठरलं. पण फिलिपराव संध्याकाळी पारावर गेले, आणि त्यांना पोटात हसू ठेवता येत नाही. दुसऱ्या दिवशी होयवाले म्हणाले, नाही तर म्हणाले नाहीत ना? झालं तर मग! नाहीवाले म्हणाले, होय तर म्हणाले नाहीत ना? मग आमचंच खरं! दोन्ही गटांनी पारावर एका बाजूला बसून चहा घेतला. ट्रॅक्टरवाले भाऊ बोलू लागले. आठवड्यात जुने दोन्ही फ्लेक्स उतरले आणि एकच मोठा लागला, 'जनतेसाठी सदैव हजर'. कल्याणरावांचं वजन उलट वाढलं. तालुक्यातली पोरं एकमेकांना भेटल्यावर रामराम सोडून "हजर!" म्हणू लागली.

चिडली ती एकटी मुक्ताबाई. कल्याणराव पुन्हा बाईंकडे आले तेव्हा तिनं त्यांना दारातच गाठलं.

"आरं, हजर तर माझी शेळीबी असती. दावणीला. तुला तिकडं कशापायी धाडलाय आमी? आन गायरानाचं काय?"

कल्याणरावांची मान खाली गेली. मारुतीची पायरी त्यांना आठवत असावी. ते म्हणाले, "मावशे, गेलं ते. मंजूर झालं."

"अजून गेलं नाही," रूथबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत परीक्षेच्या आदल्या दिवसाची चमक होती. "वरच्या सभागृहानं एका कलमात दुरुस्ती सुचवून विधेयक परत पाठवलंय. म्हणजे तुमच्याकडं पुन्हा मतदान होणार. या खेपेला गलक्यात लपायचं नाही, कल्याण. उभं राहायचं आणि मतविभागणी मागायची. मग सगळ्यांना उभं करून डोकी मोजावी लागतात. कोण होय आणि कोण नाही, कागदावर येतं."

"मी मागायची?"

"तू."

कल्याणरावांनी तालीम सुरू केली. वाक्य एवढंच होतं, 'अध्यक्ष महाराज, माझी मतविभागणीची मागणी आहे.' गाडीत हनुमंत अध्यक्ष व्हायचा आणि कल्याणराव मागच्या सीटवर उभं राहायला जाऊन टपाला डोकं आपटून घ्यायचे. बाईंच्या ओसरीवर त्यांनी ते इतक्यांदा म्हटलं, की मुक्ताबाईलाही पाठ झालं. ती शेळ्या हाकताना म्हणायची, "चला ग बायांनो, मतविभागनीची मागनी हाय."

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी विधेयक आलं. अँड्र्यूनं ग्रामपंचायतीसमोर मोठा पडदा लावला होता, कर्णे लावले होते. सारं गाव जमलं. पडद्यावर सभागृह दिसलं ते असं, जसा चार वाजता उठलेला आठवडे बाजार. बाक मोकळे. कुणी आवराआवर करत होतं, कुणी पेंगत होतं. अध्यक्षांच्या खुर्चीत त्यांच्याऐवजी तात्पुरते कुणी दुसरे सदस्य बसले होते आणि भराभर वाचत होते.

"अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. होयचे बहुमत, होयचे..."

शेवटून दुसऱ्या ओळीत पांढरा सदरा उभा राहिला.

रूथबाईंनी काठी घट्ट धरली. खुर्चीतल्या सदस्यांनी मान वर केली, चष्मा सारखा केला. त्यांना या माणसाचं नाव आठवेना. त्यांनी खाली बसलेल्या अधिकाऱ्याला विचारलं, त्यानं शेजाऱ्याला विचारलं.

"सन्माननीय सदस्य... ढोकणे. आपल्याला बाहेर जायचं आहे का?"

"अध्यक्ष महाराज," कल्याणराव म्हणाले, आणि थांबले. घोगरवाडीत मुक्ताबाई ओठ हलवत पुढचे शब्द म्हणत होती. "अध्यक्ष महाराज, माझी मतविभागणीची मागणी आहे!"

मंत्र्यांनी मोबाईल कानावरून काढला. नियम नियम असतो. दारं उघडली, घंटा वाजू लागली. घंटा वाजली की सदस्यांनी जिथं असतील तिथून यायचं असतं. घंटा वाजत राहिली. एक आमदार तोंडात घास घेऊन धावत आले. दोघं चॅनेलवाल्यांसमोर बोलत होते ते माईकसकट आत शिरले आणि माईक ठेवून यायला बाहेर काढले गेले. बाकीचे कुठं होते? कुणी म्हणे विमानात, कुणी म्हणे एका मोठ्या नेत्याच्या पुतण्याच्या साखरपुड्याला. मफलरवाला तेवढा आला, मुक्ताबाईनं त्याला लगेच ओळखलं. माणसं मोजली गेली. पुन्हा मोजली. कामकाज चालवायला जेवढी डोकी लागतात, तेवढीच नव्हती. ज्यांनी दिवसभर विधेयकं मंजूर केली, त्यांना आता कळलं की आपण पुरेसे नाही.

खुर्चीतल्या सदस्यांनी घाम पुसला. कोरम नसल्यामुळे सभागृहाचं कामकाज स्थगित झालं. विधेयक हिवाळी अधिवेशनावर, नागपूरवर गेलं.

गावाला क्षणभर काही उमगलं नाही. मग रूथबाईंनी माईक हातात घेऊन समजावून सांगितलं, की गायरान वाचलेलं नाही, पण गेलेलंही नाही. नागपूरपर्यंत ते आपलंच आहे. तेवढ्यावर लोकांनी फटाके लावले. दोन शेळ्या बुजून शाळेच्या आवारात शिरल्या.

कल्याणरावांना पक्षाची नोटीस आली, पूर्वपरवानगीशिवाय उभे राहिल्याबद्दल. त्यांची दोन समित्यांतून उचलबांगडी झाली. त्या समित्यांत आपण होतो, हे त्यांना त्या नोटिशीमुळेच कळलं. राजूरहून एका माणसाचा रूथबाईंना फोन आला, की आमच्या आमदाराचं तोंडपण मतदानाला हलतं, तेवढं ऐकून सांगाल का? मग श्रीरामपूरकडून आला. अँड्र्यूनं हेडफोनचा आणखी एक जोड आणून ठेवला. फिलिपरावांना जेवण वाढून घ्यायची सवय करून घ्यावी लागली.

एका सकाळी कल्याणराव गावात आले ते बाईंकडे न थांबता सरळ मुक्ताबाईच्या दारी गेले. ती शेळ्या सोडत होती.

"मावशे, गायरान कुठून कुठवर आहे?"

तिनं त्यांच्याकडे टकामका पाहिलं. "तुला ठावं न्हाई?"

"नाही," कल्याणराव म्हणाले.

शब्द तोंडातून गेला तेव्हा ते स्वतःच थबकले. मुक्ताबाईच्या मात्र ते ध्यानातही आलं नाही. तिनं काठीनं टेकडीकडं दाखवलं, "चल मग. चालत यावं लागंल. गाडी न्हाई जायाची."

रूथबाई आपल्या ओट्यावरून बघत होत्या. पुढं शेळ्या, मग मुक्ताबाई, मग पांढऱ्या सदऱ्यातला आमदार. कुसळं त्याच्या लेंग्याला लागत होती आणि तो वाकून काढत होता. मागून हनुमंत मोबाईल हलवत धावला, "साहेब! तिकडं लग्नाची वेळ झाली, पाव्हणे खोळंबलेत!"

"एव्हाना अक्षता पडल्या असतील," कल्याणराव म्हणाले, आणि वळून मुक्ताबाईला विचारू लागले, की तो ओढ्याकाठचा बाभळीचा पट्टा आपल्यात येतो का शेजारच्या गावात. मुक्ताबाई काठीनं हवेत रेघ ओढून सांगायला लागली. हनुमंत बांधावर उभा राहून बूट काढावेत की न काढावेत याचा विचार करत राहिला.